बोटीवरनं पप्पा कुठं पळणार

१२ एप्रिल, रविवार

बॅग तिसऱ्यांदा उचकटली. आईनं माझे फुटबॉलचे बूट काढले आणि त्या जागी भडंगाचा डबा आणि चटणीची बरणी कोंबली. म्हटलं, आई, शुक्रवारी पुण्यात माझी ट्रायल हाय. तर म्हणे, "पप्पा हो म्हटल्यात काय? न्हाई न्हवं? मग बूट कशाला बोटीवर? माशांसंगट खेळणार हाईस?" हिरवी जर्सी अंगातच घालून जाणार. ग्लोव्हज बसमध्ये न्यायच्या उशीच्या अभ्र्यात लपवलेत. ते अजून सापडलेले नाहीत.

बोट फुकटची आहे. पप्पांचं पंप-मोटारींचं दुकान, यंदा टारगेट पूर्ण केलं म्हणून कंपनीनं चौघांना क्रूझ दिली. मुंबई, गोवा, परत मुंबई. चौथी मैत्रीण न्यावी म्हटलं, तर चौथी मलकापूरची आत्या. पप्पांची थोरली बहीण. "मला बी समुद्र बघायचाय" एवढंच म्हणाली, पप्पा लगेच "चल की अक्का!" आणि मी दोन महिने विचारतोय. पुण्याच्या अकॅडमीची शेवटची ट्रायल हाय, गोलकीपरची एकच जागा हाय, निवड झाली तर अकरावी-बारावी तिथंच होस्टेलला. जाऊ का? उत्तर एकच. "बघू की."

इथनं पुढं नुसतं ब.की. लिहिणार. हात दुखतो.

(मराठीच्या बाई म्हणायच्या, ऋतुजा, मुलीनं 'मी गेले' म्हणावं. पेपरात तसं लिहिलं, झाली दहावी. इथं मी 'गेलो'च लिहिणार. आमच्याकडं सगळ्या पोरी तसंच बोलतात.)

प्लॅन: घरी विषय काढला की पप्पांना दुकान आठवतं, पायात चप्पल घालून गायब. बोटीवरनं कुठं पळणार? चारी बाजूंनी पाणी. हो नाहीतर नाही, काढून घेणारच.

१३ एप्रिल, सोमवार

पहाटे कोल्हापुरातनं निघालो. कंपनीच्या बसमध्ये सगळ्या जिल्ह्यातले पंपवाले आणि त्यांच्या फॅमिल्या. सगळ्यांना पिवळ्या टोप्या. मी घातली नाही. आई: "एवढी पण लाज वाटती काय बापाच्या कंपनीची?" वाटती.

मुंबईच्या बंदरावर तपासणी. आत्याच्या पिशवीतनं निघालं: नारळ, खण, हिरवं लुगडं, बांगड्या, तांदळाची पुडी, हळद-कुंकू. समुद्राची ओटी भरायची म्हणे! पंचगंगेची दरवर्षी भरते, मग ह्याची नको व्हय? गार्ड म्हणाला, नारळ आत नेता येणार नाही. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आत्या त्याच्या तोंडाकडं बघत, "पावणं, कुठलं गाव?" तो दबक्या आवाजात, "कबनूर." संपला विषय! त्याच्या मामाचं गाव आत्याचंच मलकापूर निघालं, त्याची चुलती आत्याच्या नणंदेच्या भावकीत निघाली, नारळ आत गेला. चटणीपण गेली. माझा बॉडी स्प्रे तेवढा काढून घेतला.

खोली एक, माणसं चार. आत्या घोरते. आई म्हणते, "ती घोरत न्हाई, थकलीय." लिफ्टमध्ये पप्पा एकटे सापडले. विचारलं. ब.की. आणि दार उघडल्या उघडल्या समोर कराडचे डीलर. "अरेऽऽ, या या!"

ह्या माणसानं समुद्रावरपण दुकान शोधलं.

१४ एप्रिल, मंगळवार

गोवा. बसमधनं देऊळ, बसमधनं चर्च, बसमधनं बोट. पाय ओला झाला नाही.

दुपारी जेवणात पांढऱ्या सॉसचा पास्ता. आत्यानं एक घास खाल्ला, "गं बया, मीठ तरी घालायचं," आणि पदराखालनं बरणी काढून त्याच्यावर चटणी. झालं! शेजारच्या टेबलावरची माणसं बशा घेऊन रांगेत. आई प्रत्येकाला चमच्यानं वाढतेय, "सावकाश हं, तिखट हाय." वेटरलापण वाढली. तो पाणी पीत पळाला. फोटो काढायला सगळे. मी खांबाच्या मागं.

संध्याकाळी पप्पा पोहायच्या टाकीत. कडेला जाऊन बसलो. म्हटलं, पप्पा, परवा आपली बस पुण्यावरनंच जाणार, मला तिथं सोडा फक्त. पप्पांनी नाक धरलं आणि बुडी मारली. खरंच मारली! मी बसून राहिलो. वर आले, माझ्याकडं बघितलं, परत बुडी.

आई लांबनं, "ऋतू, ती हिरवी जर्सी काढ गं आता, सगळ्या फोटोत तीच!" काढत नाही जा.

१५ एप्रिल, बुधवार

नीट लिहितो.

दिवसभर समुद्रच, बंदर नाही. जेवताना चौघंच होतो. विचारलं. "बघू की." म्हटलं, पप्पा, बघू की म्हणजे हो का नाही? "अगं, एवढी लांब, एकटी पोर..." म्हटलं, मग नाही म्हणा! तोंडानं नाही म्हणा! "बघू की म्हटलं न्हवं." तेव्हा माझं डोकं फिरलं. मोठ्यानं बोललो, सगळ्यांनी ऐकलं, "मी नसतोच तर बरं झालं असतं तुम्हाला!" ताट सोडून उठलो.

बारक्या पोरांची खेळायची खोली असते, तिथं कोणी नव्हतं. उशांच्या ढिगात घुसलो, कानात हेडफोन, मोबाईलवर उतरवून ठेवलेली जुनी मॅच. रडलो थोडं. (थोडं नाही.) तशीच झोप लागली.

पुढचं आईनं सांगितलेलं. चारच्या सुमाराला आत्या मागच्या डेकवर गेली. कोणी नाही बघून ओटी भरली आणि सगळं लुगड्यात गुंडाळून सोडलं पाण्यात. नमस्कार केला आणि खोलीत जाऊन पडली. वरच्या मजल्यावरनं कुणीतरी बघितलं. हिरवं कापड पाण्यात, फुगलेलं. "पोरगी पडली! हिरव्या कपड्यातली पोरगी पडली!"

भोंगा झाला. बोट वळवली. सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये आणून नावं घ्यायला लागले. आमच्या खोलीतले तिघं हजर. मी नाही.

हिरवी जर्सी. आणि मी जाताना काय बोललो होतो ते.

मला बोटीवरच्या एका ताईनं हलवून उठवलं आणि हाताला धरून पळवत नेलं. मला वाटलं, उशा वापरल्या म्हणून ओरडतायत. हॉलमध्ये शिरलो तर सगळे माझ्याकडं बघायला लागले. आई भिंतीला टेकून. पप्पा खाली बसलेले, फरशीवर, अनवाणी. डोक्यावर ती पिवळी टोपी तशीच. माझ्याकडं बघत होते पण ओळखत नव्हते. म्हटलं, पप्पा, काय झालं?

मला वाटलं, आता कानफटात बसणार. बसली असती तर परवडली असती. उठले, माझ्या जर्सीची कॉलर मुठीत धरली आणि धरूनच ठेवली.

मग आत्या, एकदम, "थांबा. हिरवं म्हणजे... ते माझं लुगडं हाय की वो!"

बोटीवरचा मोठा साहेब आत्याला हिंदीतनं खूप बोलला. समुद्रात काही टाकायचं नसतं, किती माणसं घाबरली, बोट फिरवावी लागली. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "चुकलंच माझं, साहेब. पर ओटी भरली, काय चोरी न्हाई केली. कोल्हापूरला आला की जेवायलाच या." मग कोपऱ्यात जाऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तिला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. तिच्यावर चिडायचं होतं, जमलं नाही.

मी बाथरूममध्ये गेलो. बाहेरनं पप्पा: "हाईस न्हवं?" हाय. परत: "हाईस न्हवं?" अहो हाय, पप्पा! दात घासताना, केस विंचरताना. दर मिनिटाला तेच.

संपलं सगळं. आता हा माणूस मला कोपऱ्यावरच्या दुकानात सोडणार नाही, पुण्याला कुठला.

१६ एप्रिल, गुरुवार

मुंबईत उतरलो. कबनूरचा गार्ड भेटला. "मावशी, नारळ पोचला काय?" आत्या म्हणाली, "लई लांब पोचला बाबा." आई हसली. पप्पा नाही हसले.

बसमध्ये माझ्या शेजारी पप्पा. खिडकीकडं मी, वाटेच्या बाजूला ते, म्हणजे मी कुठं जायला नको. ट्रायलचा विषय काढला नाही. काढायचं त्राणच नव्हतं. घाटात झोपेचं सोंग घेतलं. मध्येच पप्पा एक बोट माझ्या मनगटावर टेकवून बघायचे, काढून घ्यायचे.

पुणं आलं. बायपासला पप्पा उठले. "ड्रायव्हर, जरा बाजूला घ्या. आम्ही दोघं उतरतोय."

आई: "अहो! कुठं?"

"हिचं मैदान हाय इथं कुठंतरी."

बॅग उचलली, अभ्र्यासकट उशी उचलली. आईचा चेहरा एकदम पडला. "अहो, पण बूट... बूट मीच काढल्यात..." आत्यानं खिडकीतनं भडंगाचा डबा माझ्या हातात दिला. बस गेली तरी आईचा हात बाहेरच होता.

रिक्षानं मैदान. पप्पांनी आधी कुंपण हलवून बघितलं. मग वॉचमनला, "पोरी बाहेर जात्यात त्या कुणाला विचारून? रात्री गेट कोण लावतं? किल्ली कुणाकडं?" त्याला वाटलं, तपासणीला आलेत. मग पाण्याच्या टाकीपाशी गेले, मोटारीला कान लावला. "बेअरिंग गेलंय ह्यांचं." मी लांब जाऊन थांबलो, माझा आणि ह्यांचा काही संबंध नाही असं. मग बघितलं तर गोलपोस्टला हात लावून वर बघत होते.

"एवढं सगळं तू एकटी अडवतीस?"

व्हय, म्हटलं. ह्या माणसानं माझी एक मॅच बघितलेली नाही.

बाजारातनं नवीन बूट. एक नंबर मोठे घ्या म्हणाले, पाय वाढतो. भांडून मापाचे घेतले.

१७ एप्रिल, शुक्रवार

लॉजवर राहिलो. पप्पा दाराला खुर्ची लावून तिच्यातच झोपले. सकाळी मान अवघडलेली. चहा आणायलापण मला बरोबर नेलं. आईचा फोन: "बूट चावतात काय गं?" चावतात. नाही म्हणून सांगितलं.

आता मैदानात. आम्ही गोलकीपर सहाजणी. बाकीच्यांचे बूट जुने, मळलेले. माझेच चकाचक, नवरीगत. पप्पा कडेच्या पायरीवर, मांडीवर भडंगाचा डबा, शेजारच्या पोरीच्या वडलांना मूठभर देऊन "पावणं, कुठलं गाव?" चालू.

लेस बांधायच्या निमित्तानं जवळ जाऊन बसलो. म्हटलं, पप्पा, निवड झाली तर दोन वर्षं रोज 'हाईस न्हवं' कुणाला विचारणार?

पप्पांनी खाली वाकून माझी लेस सोडली, परत बांधली, घट्ट. दुकानात पाईप बांधतात तशी, दोन गाठी.

"फोन हाय की."

म्हणजे हो?

"आधी अडव तर. मग बघू की."

अरे देवा.

नावं घ्यायला लागलेत. माझं घेतलं, मी "हजर" म्हणायच्या आत मागनं पायरीवरनं केवढ्यांदा तरी आवाज आला, "हाय! हाय हितं!" सगळ्या पोरी हसल्या. वही पप्पांकडं देऊन पळतो.