पासष्ट इंचाच्या टीव्हीची जागा

ऋषिकेश,

तू बुटीबोरीला ड्युटीवर गेलास आणि टीव्ही लावणारे दोघे आले. आल्याआल्या माझ्या खिडकीतला कूलर काढायला लागले. कूलर काढून खिडकीवर काळा पडदा लावायचा, असं तू त्यांना फोनवर सांगितलंस म्हणे. मे महिन्यात, नागपुरात, बापाच्या खाटेजवळची खिडकी. आणि मला ते परक्या माणसांकडून कळलं.

मी विचारलं, "काहून गा, खिडकीनं तुमचं काय केलं?"

त्यातला एक म्हणाला, "काकाजी, पासष्ट इंचाचा ओएलईडी आहे. साधा एलईडी असता तं उजेडात चालला असता. यात काळा रंग एकदम खरा काळा दिसते, पण खोलीत अंधार पाहिजे."

"अन् मी उकडून काळा पडलो तं?"

"तेबी एकदम खरं दिसन, काकाजी."

माणूस चांगला निघाला. त्याला चहा पाजला.

मग तुझ्या अटी पाहिल्या. समोर आठ फूट जागा हवी, उजेड अजिबात नको. घरात अशी एकच जागा आहे, तुमची बेडरूम. तिथे मोकळी भिंत नव्हती, म्हणून भिंतीतल्या कपाटाच्या दोन्ही दारांवर मिळून आडवा ठोकून घेतला. छान बसलाय. कपाट आता उघडत नाही. उद्या तुझ्या साळ्याचं लग्न आहे आणि सूनबाईची, भूमिकाची पैठणी आत आहे, हे माझ्या पूर्ण लक्षात होतं.

कूलर चालू आहे. मी त्याच्या समोरच झोपलोय. उठवू नकोस.

बाबा