चौथ्या घरानंतर

बुलडाणा,
१२ जानेवारी २०२५, रविवार

बाबा,

पाया पडते. मी बरी आहे. तुमच्या कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? परवा फोनवर मी "आकडे" म्हणत होते आणि तुम्ही "काय वाकडे?" विचारत होतात. शेवटी वहिनीनं फोन घेतला. तेव्हाच ठरवलं, लिहायचंच. ओरडून सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

इथे घाटावर थंडी फार आहे. बोटं आखडतात. दुपारी उन्हात खुर्ची टाकून बसते, पाच मिनिटांत उठते, पुन्हा आत जाते. आजकाल एका जागी बसवत नाही. वहिनीला सांगू नका, ती लगेच लग्नावर येते.

माझ्या कामाचं तुम्ही विचारता आणि मी "कम्प्युटरचं आहे" म्हणून टाळते. आज नीट सांगते. नागपूरच्या एका खाजगी संस्थेनं आपल्या जुन्या गावातल्या मोहल्ल्यांचा अभ्यास घेतला आहे. आपण शिक्षक कॉलनीत बारा वर्षं राहिलो तेच गाव. कुठल्या गल्लीत माणसं किती, घरं कशी, पाणी कुठून येतं, हे सगळं. त्या अहवालावरून पुढं गावाचा आराखडा होणार. माझ्याकडे दोन कामं. एक, जनगणनेचे आकडे शोधून प्रभागाप्रमाणे लावायचे. दोन हजार अकरानंतर जनगणना झालीच नाही, त्यामुळे तेव्हाचेच आकडे अजून चालतात. तेव्हा पाळण्यात असलेली पोरं आता आठवीत आहेत, कागदावर मात्र अजून पाळण्यातच.

दुसरं काम फोटोंचं. राजकुमार म्हणून मोताळ्याचा एक जण मोटारसायकलवर हिंडून फोटो काढतो. त्याला भिंत कधी सरळ दिसत नाही. मी त्या सरळ करते, अंधारलेल्या खोल्या उजळते, माणसांचे चेहरे धूसर करते, नको तो भाग छाटते. तीनशे चाळीस फोटो झाले.

आता एक विचारायचं आहे. सहज. जिनिंगच्या मागची पिंजारगल्ली आठवते? गाद्या भरणारे लोक राहतात तिथे. तुम्ही अकराच्या जनगणनेत प्रगणक होतात तेव्हा तो भाग तुमच्याकडेच होता ना? त्या प्रभागाच्या आकड्यातून कॉलनीची माणसं वजा केली तर गल्लीच्या वाट्याला चोवीस माणसं उरतात. राजकुमारच्या फोटोंत मी दारं मोजली. अठ्ठावन्न भरली. माझीच बेरीज चुकली असेल. तुम्ही तेव्हा हातानं काढलेल्या नजरी नकाशाची प्रत कुठे आहे का? असली तर बघता येईल. नसली तरी हरकत नाही.

मुळीच घाई नाही. पण लवकर कळवा.

तुमची,
सुचिता


बुलडाणा,
२६ जानेवारी २०२५

बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. "काम चोख झाले होते. एकही घर सुटले नाही. नकाशा सापडत नाही. प्रकृतीस जप." चार वाक्यं. मी ते कार्ड टेबलावर ठेवलं, मग उशीखाली, मग पर्समध्ये, आणि शेवटी परवा ते घेऊनच पिंजारगल्लीत गेले.

आधी एक कबूल करते. नकाशा सापडतो, बाबा. दिवाळीत घरी आले होते तेव्हा रेशनकार्ड शोधताना तुमच्या पेटीत निळी फाइल हाताला लागली. त्यात तुमच्या सुरेख अक्षरात काढलेली गल्ली होती. चार घरं, एक ते चार आकडे घातलेली. त्यापुढे गल्लीच्या टोकापर्यंत एकच लांब चौकट आणि आत लिहिलेलं: "गोदामे, बंद." मी फाइल होती तशी ठेवली आणि बाहेर येऊन तुमच्यासोबत चिवडा खाल्ला. मागच्या पत्रात "प्रत कुठे आहे का" म्हणून विचारलं, ते तुम्ही स्वतः सांगाल या आशेनं.

गल्लीत भर दुपारी गेले होते. दारादारात कापूस पसरलेला. पाचव्या दाराशी अमीनाबाई म्हणून म्हातारी गादीला टाके घालत बसली होती. मी शिक्षकाची मुलगी आहे वगैरे काहीच सांगितलं नाही. गिनतीचं विचारायला आले, एवढंच म्हटलं. ती हसली.

"गिनती? आमची? एक मास्तर आले होते मागं. शेजारच्या दारावर गेरूनं चारचा आकडा लिवला त्याईनं. मंग माह्या दारावर पाच लिवाले गेरू उचलला, अन् तसेच गेले."

"काऊन गेले?"

"मले काय मालूम बाई. त्याईलेच इचार. आमी काय भुतं होतो का? त्या दिवसापासून कोणी आलं नाही. नळ आला नाही, अंगनवाडी आली नाही. सगळे म्हन्तात, कागदावर तुमी नाईच."

तिच्या दाराच्या चौकटीवर काहीच नव्हतं. शेजारच्या चौकटीवर रंगाच्या दोन थरांखाली पुसटसा चार अजून दिसतो.

काऊन लिहून राह्यले मी हे सगळं, जे सांगायचं ते सोडून? आता सांगते.

डिसेंबरात मी संस्थेच्या मॅडमना सांगितलं होतं की आकडा आणि फोटो जुळत नाहीत. त्या म्हणाल्या, "आकडा सरकारी आहे, फोटो आपला आहे. बदलायचाच तर फोटो बदलेल." मी वाद घालू शकले असते. राजकुमारनं घातला. म्हणाला, "मॅडम, मी सोता उभा होतो तिथं, माणसंच माणसं हायेत." मी मात्र गप्प बसले. कारण वाद वाढला असता तर कुणीतरी विचारलं असतं की तेव्हा मोजायला कोण होतं.

मग मी फोटो छाटले. वाळत घातलेले कपडे चौकटीबाहेर गेले. पाण्याचे ड्रम गेले. दारात बसलेल्या बाया गेल्या. बंद दारांचे सकाळचे सहा फोटो ठेवले आणि बाकीचे बावन्न बाजूला सारले. खाली ओळ लिहिली, "विरळ वस्ती, गोदामांचा भाग." ते वाचून मॅडमनी अहवालात त्या जागेवर ट्रक उभे करायचा तळ सुचवला आहे. फेब्रुवारीअखेर अहवाल जाणार. अमीनाबाईचा ओटा त्या तळाच्या बरोबर मध्ये येतो.

तुम्ही चार घरांवर का थांबलात ते मला सांगा. आई तेव्हा आजारी होती, म्हणून ना? तसं असेल तर तसं लिहा. मी मानेन.

सुचिता


साखरखेर्डा,
४ फेब्रुवारी २०२५

सुचिता,

तुझे पत्र तीनदा वाचले. चौथ्यांदा वाचायची छाती झाली नाही म्हणून लिहावयास बसलो.

तुझी आई मार्चात अंथरुणाला खिळली. मोजणी झाली त्या फेब्रुवारीत ती ठणठणीत होती. तिच्या आजाराआड मी लपणार नाही.

त्या दिवशी मी चार घरे केली. पाचव्या घरी अमीनाबाईने कागद काढायच्या आत चहा पुढे केला. त्या घरचे मी घेणार नव्हतो. वर्गात मुलांना सगळी माणसे सारखी असे शिकवत होतो ते तुला ठाऊक आहे. आपल्या घरी परक्या धर्माच्या हातचे पाणीही चालत नसे, तेही ठाऊक आहे. मी म्हणालो, "बाई, आज उपास आहे," आणि गेरू पिशवीत टाकून, उद्या येतो म्हणून निघालो. गल्लीच्या तोंडाशी हॉटेलात बसून भजी खाल्ली. तिचा थोरला मुलगा, पंचविशीचा, दूध घ्यायला तिथेच आला. त्याने माझी बशी पाहिली. "नमस्ते मास्तर," म्हणाला आणि गेला. एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तो दारातच कापूस पिंजत बसला होता. मला पाऊल टाकवेना. तिसऱ्या दिवशीही गेलो आणि परतलो. मुदत संपत आली तेव्हा शाळेच्या ओट्यावर बसून ती लांब चौकट काढली. एक पट्टी आणि एक पेन्सिल, दोन मिनिटांचे काम.

मी कुणाचा द्वेष केला नाही असे स्वतःला आजवर सांगत आलो. पण जी गोष्ट मी केली, ती द्वेष करणाऱ्याने केली असती तरी एवढीच झाली असती.

नकाशा सोबत पाठवतो आहे. मागे माझी सही आहे. ती झाकू नकोस, धूसर करू नकोस. मी रविवारी पहिल्या गाडीने येतो. नवीन वही आणली आहे.

रामराव


बुलडाणा,
२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

बाबा,

पोचल्याचा वहिनीचा निरोप आला. गुडघे कसे आहेत? दोन आठवडे झाले तरी मी लिहिलं नाही, कारण काय व्हायचं ते होऊन जाऊ दे असं वाटत होतं. आता झालं.

त्या रविवारी आपण दोघांनी गल्लीत केलेली मोजणी मी बावन्न फोटोंसकट मॅडमना दिली. एकसष्ट घरं, तीनशे सव्वीस माणसं. वर तुमचा नकाशा ठेवला, सही वरच्या बाजूला करून. मॅडमनी सही वाचली. म्हणाल्या, "हे तू डिसेंबरातच का नाही आणलंस?" मी म्हटलं, "प्रगणक माझे वडील आहेत." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुढच्या तीन दिवसांत ट्रकतळाची ओळ अहवालातून गेली. गल्ली नळयोजनेच्या यादीत वर आली. आराखडा करणारे ते मानतील की नाही, ते आपल्या हातात नाही. छाटलेले फोटो आता पूर्ण लागले आहेत, ड्रमांसकट, कपड्यांसकट. मला मात्र मार्चनंतर त्यांच्याकडे काम नाही. त्यांनी ते चांगल्या शब्दांत सांगितलं. मला त्यांचा रागही आला नाही. राजकुमार म्हणाला, "जाऊ दे ना, चिखलीले एक स्टुडिओ हाय, इचारतो." बघू.

एक राहिलं. तुम्ही त्या दिवशी वहीत तीनशे सव्वीस ओळी उत्तम लिहिल्यात आणि एक ओळ जास्तीची आहे. मी ती मॅडमना द्यायच्या प्रतीत घेतली नाही, घेता आली नाही. ते तुम्हाला सांगायला हवं.

अमीनाबाई तुम्हाला पाहून म्हणाली होती, "मास्तर? मले वाटलं मेले असान." आजूबाजूच्या बाया हसल्या, तुम्हीही हसलात, आणि मला वाटलं, चला, झालं. मग तुम्ही विचारलंत, घरात किती माणसं.

"सहा. तवा सात होते."

"सातवं कोण?"

"अरसलान. करोनात गेला. त्याले लिवा."

तुम्ही हळू म्हणालात, "बाई, आता आहेत त्यांचीच मोजणी आहे."

"माहीत हाय मले. पन तो तुमच्या टाइमचा व्हता. तवा तुमी लिवला नाही, आता सरकार लिवत नाही. माहा पोरगा तीस-पस्तीस वर्सं जगला, मास्तर. कोन्या कागदावर जगला सांगा."

तुम्ही लिहिलंत. अरसलान बद्रुद्दीन शेख, गादी कारागीर. वयाच्या रकान्यात पेन थांबला, मग तुम्ही "पंचवीस" लिहिलंत. हॉटेलात दिसला तेव्हाचं. मी बाजूला उभी होते, हातात कॅमेरा होता, तरी फोटो काढला नाही.

अहवालात तो नाही. मेलेला माणूस लोकसंख्येत धरता येत नाही, हे मलाही कळतं. पण हे कळणं मला बसू देत नाही. सकाळपासून तीनदा खोली झाडली.

आणि त्या दिवशी स्टँडवर तुम्ही विचारलंत, "माझ्यासाठी छाटलेस ना ते फोटो?" तेवढ्यात गाडी लागली. मी तुमची पिशवी वर चढवून दिली आणि उत्तर दिलं नाही. आता देते. तुमच्यासाठी असते तर मी दिवाळीतच तुमच्यासमोर ती फाइल ठेवून भांडले असते. मी स्वतःसाठी छाटले. रामराव मास्तरांची मुलगी म्हणून मी आजवर सगळीकडे ताठ मानेनं गेले. ती मान वाकू नये म्हणून मी बावन्न दारं मिटवली. तुम्हाला ते करायला पट्टी लागली, मला बोट.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. माझ्यावरचाही नाही. तुम्ही सत्तरीत गुडघे धरत एकसष्ट उंबरे चढलात, ते पाहूनही गेला नाही. हे तुम्हाला लिहून कळवावं असं वाटलं, नाहीतर तुम्ही समजाल की सगळं मिटलं.

शनिवारी साखरखेर्ड्याला येते आहे. समजूत घालू नका. काही विचारू नका. नुसते घरी असा.

सुचिता