तीन ओंडके माझे, दोन त्याचे

६ मार्च, सकाळी ७
काल वाऱ्यात मागच्या अंगणातलं महोगनीचं झाड पडलं. बाबांनी लावलेलं. कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, सगळं सोडून बरोबर मोकळ्या जागेत पडलं. मरताना शिस्त पाळणारं या घरातलं ते एकटंच.
हिने विचारलं, आता याचं काय करायचं. मी सांगितलं, प्लॅन तयार आहे. तेव्हा नव्हता. चहा होईपर्यंत झाला.
मुलीसाठी टेबल. आठ फूट बाय चार फूट. कापड पसरून कापायला तेवढं लागतं म्हणे. बँकेतली चांगली नोकरी सोडून ती शिवणकामाचं वर्कशॉप काढून बसली आहे. मी पाहुण्यांसमोर "एवढं शिकून शेवटी शिंपीण" म्हणालो, तर चार महिने घरी फिरकलेली नाही. फोन करते, पण आईला.
टेबल म्हणजे माफी नव्हे. टेबल म्हणजे टेबल. नोंद असावी.

९ मार्च
सॉ मिलवर जाऊन आलो. मालकाच्या कानामागे पेन्सिल, भुवयांवर भुसा, बोलणं मोजून-मापून. कमी बोलणारा माणूस डांबरट असतो.
पैशाचा व्यवहार नको, लाकडाच्या बदल्यात काम, असं मी सुरुवातीलाच सांगितलं. ओंडके पाच. काही तो ठेवणार, बाकीच्यांच्या फळ्या मला फुकट कापून देणार. तो म्हणाला, निम्मे-निम्मे. मी तीन-दोनवर आणला. शिवाय तीन कुठले ते मी निवडणार. बुंध्याकडचे जाडजूड तीन घेतले, वरचे दोन बारके त्याच्या गळ्यात मारले. म्हणतो कसा, "साहेब, जाड म्हणजे चांगलं असं नसतं." कोल्ह्याला द्राक्षं आंबट.
त्याने अट एकच घातली. लाकडात लोखंड निघालं आणि ब्लेड गेलं, तर भरपाई माझी. मीच कागदावर लिहून काढली आणि ऐटीत सही केली. माझ्या झाडात लोखंड कुठून येणार.
तीस वर्षं मापं तपासायच्या खात्यात काढली. दुसऱ्यांच्या चुका काढत रिटायर झालो. मला कोण गंडवतो बघू.

१५ मार्च
पहिला ओंडका पोकळ निघाला. मिलवाल्याने आत हात घालून दाखवला. कोपरापर्यंत गेला.
मी म्हटलं, बदलून द्या. त्याने तोच कागद पुढे केला. "निवड अंतिम राहील." अक्षर माझं. खालची रेघही माझीच, दोनदा ओढलेली.
घरी हिला सांगितलं, काम ठरल्याप्रमाणे चालू आहे.

१६ मार्च
दुसऱ्या ओंडक्यात करवत किंचाळली आणि बंद पडली. अकरा खिळे. मिलवाल्याने ते एकेक उपटून फळीवर ओळीने मांडले, दागिने मांडावेत तसे. मी म्हटलं, हा कुणाचा तरी खोडसाळपणा आहे.
घरी ही म्हणाली, "कपडे वाळत घालायची दोरी त्या झाडाला कोण बांधायचं? सैल झाली की दरवेळी नवा खिळा."
खिळे कुणी ठोकले हा मुद्दा गौण आहे. मुद्दा असा की झाडाने ते गिळले आणि वीस वर्षं हूं की चूं केलं नाही.
ब्लेडची भरपाई म्हणून तो ओंडका मिलवाल्याचा झाला. म्हणजे आता त्याचे तीन. माझा एक, आणि एक भोक.

१७ मार्च
डोकं फिरलंय. निश्चय: १) त्या माणसाशी यापुढे एक शब्द बोलायचा नाही. २) तिसरा ओंडका त्याच्याकडूनच कापून घ्यायचा.
दोन्ही एकत्र कसं जमवायचं ते जेवल्यावर बघतो.

२० मार्च
जमवलं. चिठ्ठी लिहून नेली: फळी एक इंच जाड.
तो म्हणाला, दीड ठेवा. लाकूड ओलं आहे, वाळताना आखडतं, रंध्याखालीही जातं. वर म्हणे, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घाला, सावलीत रचा आणि वर्षभर हात लावू नका. मी चिठ्ठीच्या मागे लिहिलं, "वर्षभर थांबायला मी काय दारू मुरवतोय?"
त्याने वाचलं, पेन्सिल कानामागे ठेवली आणि एक-एक इंचाच्या फळ्या पाडून दिल्या. वाद घातला नाही. घाबरला असावा.

२ एप्रिल
फळ्या गच्चीवर रणरणत्या उन्हात टाकल्या आहेत. ओली वस्तू उन्हात वाळते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं, वखारवाल्याला कळत नाही. दुपारी वरून टकटक आवाज येतात. लाकूड सेट होतंय.

१८ एप्रिल
एक फळी होडीसारखी झाली आहे. दुसरी पंख्याच्या पात्यासारखी. बाकीच्यांबद्दल लिहायची इच्छा नाही.
वर दगड ठेवले. मग कुंड्या ठेवल्या. मग स्वतः उभा राहिलो. फळी मधोमध फाटली आणि मी कुंड्यांवर आपटलो.
हिने कोपराला मलम लावलं. म्हणाली, "टेबल राहू द्या. तिला नुसता फोन करा." मी समजावलं की रिकाम्या हाताने फोन करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. त्यावर ती म्हणाली, "तुमचा हात सुजलाय, रिकामा कुठे आहे," आणि चपला घालून बाहेर पडली. तीन तासांनी आली. केसांत भुसा. मी रागात होतो, विचारलं नाही.

३० एप्रिल
सुताराला बोलावून फळ्या दाखवल्या. त्याने प्रत्येक फळी डोळ्यापाशी धरून पाहिली आणि विचारलं, घरी पाणी तापवायचा बंब आहे का.
त्याला हाकलला. संताप, संताप. सगळे एकमेकांना सामील आहेत.

११ मे
ही सकाळी म्हणाली, चला. कुठे ते सांगितलं नाही. मुलीच्या वर्कशॉपवर नेलं.
दोन मशिनं, भिंतीपर्यंत कापडाचे गठ्ठे, आणि मधोमध टेबल. महोगनी. आठ बाय चार. खाली वाकून मिलवाला पायाचा स्क्रू आवळत होता.
सगळा कट तिथल्या तिथे उघड झाला. मी कुंड्यांवर आपटलो त्या दिवशी ही त्याच्याकडे गेली होती. आमच्या झाडाचं लाकूड ओलं, म्हणून त्याने शेडमध्ये दोन वर्षं वाळलेल्या फळ्या काढल्या. बदल्यात मुलीने त्याच्या कामगारांना जाड कापडाचे बारा अ‍ॅप्रन शिवून दिले. सौदा हिने उभ्या-उभ्या केला. कागद नाही, सही नाही, काही नाही.
माझे कान तापले. माझ्या पाठीमागे, माझ्याच शत्रूशी. काय बोलायचं ते मुद्देसूद तयार झालं होतं. पहिला शब्द काढणार, तेवढ्यात मुलगी कापडाचं टोक माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, हे जरा ताणून धरा."
धरलं. ती पलीकडच्या टोकापासून कापत आली. कात्री माझ्या अंगठ्यापाशी थांबली. "कोपराला काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. "हं," म्हणाली आणि दुसरं कापड पसरलं. सहा महिन्यांचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. दुपारपर्यंत नऊ कापडं धरली.
उद्या अकराला बोलावलंय. पडद्यांचं कापड आहे, लांब असतं, धरायला एक माणूस लागतो.
टेबल डावीकडे पाव इंच उतरतं. अजून कुणाला सांगितलेलं नाही.