भुऱ्याचं पोतं

मरोदा, १९६१. रविवार, संध्याकाळ.

मंदाच्या बाबाले आज काही बोलली नाही. बोलाले पाहिजे होतं का? त्यायनं तं चांगल्यासाठीच केलं.

भुऱ्यानं, कुत्र्याच्या नव्या पिल्लानं, गोधडीवर मुतलं. मी नळावर लाइनीत होती. वापस आली तं यायनं ड्यूटीवरून येऊन गोधडी साबणानं धुऊन तारेवर टाकली होती. मायच्या जुन्या लुगड्याईची गोधडी. माय जाऊन साल झालं, पण तिच्यात तोंड घातलं का मायचा वास येत होता, चुलीचा, तेलाचा. मी कधी धुतलीच नाही. आज नाक लावलं तं नुसता साबण, आन् स्टील प्लांटची लाल धूळ.

मंग भुऱ्याकडे लक्ष गेलं. उतई गावाहून यायनं त्याले आणलं तेव्हा सोबत पोत्याचा तुकडा होता. त्याची माय त्याच्यावरच झोपे. किती घाण, म्हणून मी पयल्याच दिवशी उकळत्या पाण्यात धुतला. तेव्हापासून पिल्लू रडूनच राहिलं. मंदा रोज विचारते, "माय, ये चुप क्यों नहीं होता?" मले तरी कुठं समजलं? आत्ताही त्या पोत्यात नाक खुपसून हुंगून राहिला.

यायले म्हटलं, "उद्या उतईले जा. हे पोतं त्याच्या मायखाली टाका, दोन दिवसानं वापस आणा."

"पोत्यासाठी एवढी सायकल हाणू?" हसले. मंग माह्याकडे पाहिलं. "जातो," म्हणाले.

पोतं उतईले जाईन. गोधडी कोठं पाठवू?