बाबांवर लावलेला दावा

१२ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा दुखतो, पण ते तू विचारणार नाहीस आणि मी सांगत बसणार नाही.

आठ महिने तू मला बाबांना भेटू दिलं नाहीस. फोन केला की "झोपलेत." शेवटी मी लघुवाद न्यायालयात गेले. माझं शिलाई मशीन बाबांनी मोडलं, भरपाई मिळावी, असा दावा लावला. कारकून म्हणाला, "बाई, स्मृतिभ्रंशामुळे कोर्टाने त्यांच्यासाठी पालक नेमलाय. पालकाचंही नाव घालावं लागेल." घातलं तुझं नाव. बापावर दावा लावणारी बाई कशी दिसते, हे शेजारच्या टेबलावरच्या दोघी मान वळवून बघत होत्या. बघू देत.

वाटलं, तू भांडशील. म्हणशील, त्यांनी मोडलंच नाही. मग न्यायाधीश म्हणतील, आणा त्यांना. निदान बाकावर शेजारी बसता येईल.

तू एकटाच आलास, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. "दावा मान्य आहे," म्हणालास आणि बाबांच्या खात्यातला चेक पुढे केलास. चार मिनिटांत आटोपलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "झालं ना तुमचं काम?"

जिन्यात तुला गाठलं. "भांडला का नाहीस?"

"भांडलो असतो तर कुलपाचं सांगावं लागलं असतं, ताई."

हो. गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला जाताना बाबांना माझ्या शिलाईच्या दुकानात ठेवून मी बाहेरून कुलूप लावलं होतं. वीस मिनिटं म्हणून गेले आणि दोन तास मैत्रिणीकडे चहा पीत बसले. परत जावंसंच वाटेना. आत त्यांनी मशीन ढकलत नेऊन दारावर आदळलं. दाव्यात यातलं अक्षरही मी लिहिलं नाही. तू पालकत्वाचा अर्ज केलास तेव्हा "हरकत नाही" यावर सही केली, तीही तू गप्प राहावंस म्हणून.

पण चार वर्षं त्यांना न्हाऊमाखू घातलं ते मी. तेव्हा तू फोनवर सल्ले देत होतास. त्या दोन तासांची शिक्षा किती महिने देणार आहेस? आणि वर माझी लाज झाकल्याचा उपकार. नको मला तो. सांग सगळ्यांना. चेक फाडून सोबत ठेवलाय.

रविवारी चार वाजता येते. मला त्यांच्याजवळ एकटीला सोडू नकोस. समोर खुर्ची टाकून बस, लक्ष ठेव. चालेल मला.

आजवर तुझ्यापुढे कधी हात न पसरलेली,
ताई