कोपऱ्यावर न आलेली माणसं

४ मार्च

निवड झाली. सगळ्या विद्यापीठातून तीन कामं, त्यात आमचं एक. 'संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम' या मथळ्याखाली बाहेरून येणाऱ्या समितीसमोर बोलायचं. सर दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, या वेळी विभागाची अब्रू तुमच्या हातात आहे." सर विभागप्रमुख झाल्यापासून दर महिन्याला ती कुणाच्या ना कुणाच्या हातात असतेच.

आलेखने सगळ्यांना कॉफी पाजली. (खरं नाव आता त्याची आईसुद्धा विसरली असेल. कशाचाही आलेख काढतो, कॅन्टीनच्या रांगेचासुद्धा.) त्याची नोकरी कंत्राटी, जूनपर्यंतची. आमचं काम पहिलं आलं तर विभागाला एक कायम जागा मिळेल आणि ती त्याचीच. तो हे बोलला नाही. पण कॉफी जरा जास्तच गोड होती.

काम काय, तर म्हातारी माणसं रस्ता ओलांडताना किती वेगाने चालतात ते आम्ही चौकाचौकांत उभं राहून मोजलं. जुने सिग्नल धरून चालायचे की माणूस सेकंदाला एकशेवीस सेंटिमीटर चालतो. आम्ही दाखवलं की म्हातारी माणसं नव्वदच चालतात. पालिकेने ते मानलं. गेल्या वर्षीपासून शहरातल्या सिग्नलमधला हिरवा माणूस जास्त वेळ चालतो. आता समितीने शिफारस केली तर हाच नव्वद देशभरच्या नियमात जाईल.

एवढंच. पण एवढंसुद्धा किती जणांच्या वाट्याला येतं? माझं आधीचं सगळं संशोधन कपाटात आहे आणि कपाटाचं दार नीट लागत नाही.

७ मार्च

निवडलेल्या तिन्ही कामांची एकत्र बैठक. आपापला परिणाम कसा सांगायचा याची रंगीत तालीम. रसायनवाल्यांनी गढूळ पाण्याची बाटली आणली होती आणि स्वच्छ पाण्याचीही. इतिहासवाल्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "यांचं बरं आहे, दाखवायला बाटली तरी आहे. माझ्या व्याख्यानाचा परिणाम म्हणजे पहिल्या रांगेतले दोघं झोपले." तालमीत आमच्या वेळी त्या परीक्षक म्हणून बसल्या होत्या, तरी डुलक्या त्यांनाच जास्त येत होत्या.

पालिकेचे सिग्नलवाले इंजिनिअर आमच्या बाजूने बोलायला आले होते. भला माणूस. "बाईंच्या आकड्यामुळे आमचं काम सोपं झालं," म्हणाले. "बाकीचे प्राध्यापक 'कदाचित', 'बहुधा' असं लिहून देतात. मी सिग्नलमध्ये 'बहुधा' कसं बसवू?" सगळे हसले. मीही.

सरांची सूचना – एक चांगला फोटो हवा. हिरवा दिवा, पांढरे पट्टे, एक प्रसन्न म्हातारं माणूस. आलेख म्हणाला, "मॅडम, तुमच्या बाबांनाच उभं करा की. सिग्नल दारात, चेहरा घरचा."

१० मार्च

फोटोचा फज्जा.

आईबाबांच्या घरासमोरचा सिग्नल आम्ही सगळ्यात आधी बदलून घेतला होता. रस्ता रुंद, पलीकडे बाग. बाबांना फोनवर सांगितलं तर आढेवेढे. शर्टाला इस्त्री नाही. दाढी वाढली आहे. "एवढी तरणीताठी म्हातारी माणसं पडली आहेत शहरात, माझं थोबाड कशाला?" शेवटी खाली आले. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. आलेख पलीकडच्या फुटपाथवर कॅमेरा घेऊन तयार.

हिरवा झाला. बाबा हलले नाहीत.

मला वाटलं ऐकू आलं नाही. म्हटलं, "चला ना." ते वळून घराकडे बघत राहिले. पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. "ऊन फार आहे गं. आज नको." आणि सरळ लिफ्टकडे.

ऊन नव्हतं.

शेवटी बागेतून येणाऱ्या एका काठीवाल्या आजोबांना विचारलं. ते एका पायावर तयार! काठी उचलून हसले. फोटो झकास आला आहे. सर खूश.

१३ मार्च

आईकडे गेले होते. बाबा आत झोपले होते, म्हणून तिलाच विचारलं – बाबा बागेत जात नाहीत का हल्ली? पूर्वी रोज संध्याकाळी दोघं जायची. मी फोन केला की उचलायचं कुणी नाही.

आई म्हणाली, "त्यांना कंटाळा येतो आता."

"कधीपासून?"

"झालं की बरंच. तुझं ते मोजमाप चालू होतं ना, त्याच्याही आधीपासून."

ती खिडकीशी बसली होती. हल्ली तिथेच असते. कोपऱ्यावर कोण आलं, कोण गेलं, कुणाची गाडी दिवा तोडून पळाली, सगळं तिला ठाऊक. बाबा तिला 'आमची वाहतूक शाखा' म्हणतात. बाबा जायचे थांबले म्हणून तीही थांबली. ती एकटी कुठे जाणार?

दोघांत कुणी मला सांगितलं नाही. मी तरी कधी विचारलं? मी यायची ती मोजणीबद्दल बोलायला. आज किती जण मिळाले, उद्या कुठला चौक. ते दोघं कौतुकाने ऐकायचे.

त्याच कोपऱ्यावर मी कितीतरी दिवस उभी होते. तेव्हाही बाबा खाली आले नव्हते. वरून हात करायचे.

१४ मार्च

सकाळी दात घासताना लक्षात आलं. ब्रश तसाच तोंडात.

आम्ही कुणाला मोजलं? जे रस्ता ओलांडायला आले त्यांना. तेव्हा सिग्नल जुनाच होता, घाईचा. ज्यांना तो पुरत नव्हता ती माणसं कधीच घरी बसली होती. ती आमच्या कोपऱ्यावर आलीच नाहीत. म्हणजे सगळ्यात हळू चालणारी माणसं आमच्या हिशोबात नाहीतच. त्यांच्याशिवाय काढलेली सरासरी नव्वद. आणि ती आपण 'म्हातारी माणसं' म्हणून छापली.

दवाखान्यात येऊ न शकणाऱ्यांना वगळायचं आणि गाव ठणठणीत आहे म्हणायचं, तसं झालं हे.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवते. उदाहरणांसह.

विभागात गेल्या गेल्या आलेखला बसवलं आणि सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग फळ्यावर आमचाच आलेख काढला आणि डावीकडचं टोक, जिथे सगळ्यात हळू माणसं असायला हवीत, ते तळहाताने पुसून टाकलं. "हे इतकं सरळ कापल्यासारखं का दिसतं, मला तेव्हाच प्रश्न पडला होता," म्हणाला. "वाटलं, नशीब, आकडे स्वच्छ आलेत."

हातावरचा खडू झटकत – "मॅडम, समितीनंतर सांगितलं तर?"

मी त्याला हात धुऊन यायला सांगितलं. आल्यावर त्याने पुन्हा विचारलं नाही.

१६ मार्च

सरांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं, हे त्यांच्या बाजूने लिहिलंच पाहिजे.

"बाई, मर्यादा कुठल्या कामाला नसतात? त्यासाठीच तर शेवटचं पान असतं."

"सर, शेवटचं पान सिग्नल वाचत नाही."

"पूर्वी एकशेवीस होता, तुम्ही नव्वदवर आणलात. लोकांचं भलं झालं की नाही?"

"झालं."

"मग?"

खरंच भलं झालं आहे. तो काठीवाला आजोबा उगाच नाही हसला. पण नव्वद एकदा देशाच्या नियमात बसला की पुढची वीस वर्षं त्याला कुणी हात लावणार नाही. एकशेवीसला कुणी लावला होता? आणि मग जो घरी बसला तो बसलाच. वर आपण म्हणणार, सिग्नल तर म्हाताऱ्यांसाठीच केला आहे, हेच येत नाहीत.

सर म्हणाले, "त्या मुलाचाही विचार करा." मी त्याचाच करत होते. दोन रात्री.

१८ मार्च

नवरा म्हणाला, "तू आधीच ठरवलं आहेस. आता फक्त परवानगी शोधत फिरते आहेस." खरं आहे. राग आला.

१९ मार्च

आलेखला सांगितलं की मी समितीसमोर बोलणार. तो म्हणाला, "ठीक." मग कॅन्टीनच्या रांगेत माझ्या पुढे उभा राहिला आणि वळून बघितलं नाही.

मी त्याच्या वयाची असते तर? कायम नोकरी असलेल्या बाईला खरं बोलायला काय जातं! हे त्याच्या मनात आलं असणार. माझ्याही आलं.

२१ मार्च

झालं.

मोठी खोली, लांब टेबल, पाण्याचे ग्लास उपडे. काठीवाले आजोबा भिंतभर हसत होते. अध्यक्षीणबाई अगदी बारीक आवाजाच्या, पण सगळे त्यांच्याकडे झुकून ऐकत होते. मी ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं. चौक, कॅमेरे, आकडा, बदललेले सिग्नल. मग म्हटलं, हा आकडा रस्त्यावर आलेल्यांचा आहे. जे येणंच सोडून बसले त्यांचा नाही. नियमात घालण्याआधी त्यांना मोजायला हवं.

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुष्कळ वेळ पुसत होते.

अध्यक्षीणबाई – "असे किती लोक असतील?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज सांगितला तर तोच छापला जाईल."

कुणीतरी हसलं. इंजिनिअर हसले नाहीत. ते उठून म्हणाले, "म्हणजे मी बसवलेले सिग्नल चूक?" मी म्हटलं, "पूर्वीपेक्षा बरोबर. पुरेसे आहेत का, ते सांगता येत नाही." ते खाली बसले. "बघा, आलं की नाही 'बहुधा'," एवढंच म्हणाले. कडवटपणे नाही. दमलेल्या माणसासारखे.

अध्यक्षीणबाईंनी शेवटी आलेखला विचारलं, "तुमचं काय मत?" तो उभा राहिला. "आलेखाचं डावं टोक कापलेलं आहे, मॅडम. मला आधी दिसायला हवं होतं." आणि बसला.

२२ मार्च

पाण्याच्या बाटल्या पहिल्या आल्या. आमचा आकडा नियमात जायचा थांबला, वर्षभरात नवी मोजणी करून या म्हणाले. कायम जागा रसायनवाल्यांना.

सर जिन्यात भेटले. "तुम्ही बरोबर होतात," म्हणाले, आणि दोन पायऱ्या उतरून, "पण मला आनंद झाला आहे असं समजू नका."

२३ मार्च

आलेख आला नाही. फोन उचलला नाही.

२८ मार्च

आज आला. हातात नकाशा. सिग्नलभोवतीच्या इमारती रंगवलेल्या. "दारोदार जावं लागेल. जूनपर्यंत मी आहे, तेवढ्यात जमेल तेवढं करू." मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाला, "मॅडम, आभार वगैरे नको. मी अजून रागावलेलोच आहे. पण टोक अर्धवट ठेवून मला झोप येत नाही."

आलेख काढणाऱ्यांचं हे असं असतं.

२ एप्रिल

पायांचे तुकडे पडले. दारं उघडतात आणि माणसं आधी नकारच देतात. "नाही हो, आम्हाला काही त्रास नाही." मग थोडं बसलं की एकेक निघतं. एका आजी फक्त सुनेच्या गाडीतून पलीकडे जातात, सूनबाईंना वेळ असेल तेव्हा. एका माजी पोस्टमनना मैत्रिणीच्या – हो, मैत्रिणीच्या, त्यांनी दोनदा सांगितलं – घरी जायचं तर रस्ता ओलांडायला नको म्हणून लांबच्या पुलावरून वळसा घालावा लागतो. आलेख म्हणाला, "आजोबा, सरळ लग्न करून इकडेच आणा त्यांना." आजोबा म्हणाले, "विचारलं. तिला तिकडची हवा मानवते."

बाबांच्या इमारतीत मी अजून गेले नाही. बाकी सगळ्या दारांत तोंड वर करून विचारते, "रस्ता ओलांडायला भीती वाटते का?" बाबांना कसं विचारू? लहानपणी ज्यांच्यामागे पळत मी शाळेत गेले त्यांना?

६ एप्रिल

गेले. बाबांना म्हटलं, चला, मी हात धरते. हात धरायची वेळच आली नाही. हिरवा झाला आणि ते निघाले, मी मागे मागे. पलीकडे पोचून बघते तर हिरवा माणूस अजून निवांत चालत होता.

बाबा बागेच्या फाटकाशी थांबले. म्हणाले, "मला कुठे काय अडतंय? तिला अडतं. अर्ध्यावर पोचते आणि गाड्या सुटतात. दोनदा झालं तसं. नव्या दिव्यालाही करून बघितलं. मग म्हणाली, तुम्ही जा, मला बागेचा कंटाळा आलाय. आता मी एकटा बाकावर बसून काय करू? त्या दिवशीही तिला खिडकीत ठेवून फोटोसाठी हसत ओलांडणं मला जमेना. आणि तुला सांगायचं नाही अशी तिची शपथ. तुझ्या कामाला गालबोट नको म्हणून."

वर आले. तिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सांगितलं वाटतं त्यांनी. बरं. चपला आण माझ्या. डावी तू घाल, मला वाकवत नाही. आणि तुझं ते मोजणीचं घड्याळ लाव."