मिनिटाला साठ वेळा

३ फेब्रुवारी १९७४, कारंजा लाड
आज रुजू झाले. धनजहून एसटीनं तासभरही लागत नाही, पण आईनं भाकरी अशी बांधून दिली की जणू मी दिल्लीलाच निघाले. नर्सची पहिली नोकरी! डॉक्टर उत्तमरावांचं घर गावाबाहेर, कापसाच्या जिनाला, म्हणजे सरकी काढायच्या विजेच्या गिरणीला लागून. खोलीत छान उजेड येतो, खिडकीतून उकंडराव माळ्याचा मेथीचा मळा दिसतो. माणूस धिप्पाड, पण लाजाळू. एक जुडी हातात ठेवून म्हणाला, आमच्या काकूले जपा, बाई.

४ फेब्रुवारी
काकू म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, सीताबाई. उंच, थोराड बांध्याच्या. त्यांचं हृदय पार निकामी झालं होतं, दोन पावलांत धाप लागायची. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी नागपूरच्या एका मित्राला घेऊन घरातच ते काढलं आणि स्वतः बनवलेलं रबरी हृदय बसवलं. बरगड्यांखालून निघालेल्या दोन नळ्या खाटेशेजारच्या पेटीला जोडल्या आहेत. पेटी विजेवर हवा मारते. लाइन गेली तर बाजूचा दांडा हातानं हलवायचा, मिनिटाला साठ वेळा. हे कुणालाही सांगायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.
काकूंनी माझा हात छातीवर ठेवून घेतला. ती धडधड नव्हती. आतून कुणी दार ठोकावं तसं होतं.

८ फेब्रुवारी
दुपारी लाइन गेली. वीस मिनिटं दांडा हलवला. काकू एकटक माझ्या हाताकडं बघत होत्या. मला खाज सुटली, पण हात काढला नाही.

११ फेब्रुवारी
काकूंची लघवी लाल होते, बोटं निळसर. डॉक्टर म्हणाले, यंत्रात रक्ताच्या पेशी फुटतात, गुठळ्या होतात. यंत्र फक्त वेळ काढायला, टिकेल ते माणसाचंच हृदय. मी म्हटलं, सहा वर्षांपूर्वी मुंबईत दुसऱ्याचं हृदय बसवलं होतं, तो रोगी काही तासच जगला ना? ते म्हणाले, माझ्या हातून तसं होणार नाही. हृदय कुठून आणणार, हे विचारल्यावर म्हणाले, मिळेल.

१३ फेब्रुवारी
अंगणात फुकट तपासणी ठेवली. प्रत्येकाचं रक्त मी घेतलं. आजारी माणसांना डॉक्टरांनी लवकर वाटेला लावलं, धडधाकट तेवढे थांबवले. वजन, उंची, छातीचं माप. काकूंशी रक्त आणि बांधा एकाचाच जुळला. उकंडरावचा.
डॉक्टर आज पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलले.

१५ फेब्रुवारी
उकंडरावला त्यांनी सांगितलं, छातीत डाग आहे, उद्या भरती हो. खोटं आहे. मी स्वतः छाती ऐकली आहे, स्वच्छ आहे. काकूंना सगळं सांगितलं, तपासणी, जुळलेलं रक्त, हा खोटा डाग. त्यांनी पांघरूण ओढून नळ्या झाकल्या.

१६ फेब्रुवारी, सकाळ
डॉक्टरांनी स्वयंपाकाच्या हौसाबाईला सुटी दिली. नागपूरचा मित्र आला. मागच्या खोलीत टेबलं दोन मांडली आहेत. दोन कशाला — उकंडराव आला. हातात मेथी. मी पोलिसांकडं निघाले, फाटकापर्यंत पोचले, आणि पेटीचा आवाज बंद पडला. काकूंचा घोगरा आवाज ऐकू आला. परत धावले.

साडेदहा
डाव्या हातानं दांडा, उजव्यानं लिहितेय. कुणाला ही वही सापडली तर —
जिनाचा आवाज चालू आहे. म्हणजे लाइन गेलेली नाही. फक्त या घराची —
त्यांनीच बंद केली. मी इथून हलू नये म्हणून.

मागच्या खोलीत उकंडरावला सुई टोचली असावी. बोलता बोलता त्याचा आवाज जड झाला, मग थांबला. मी ओरडले. कुणी आलं नाही. दांडा सोडला तर काकू जातात. नाही सोडला तर तो —
अठ्ठावन्न, एकोणसाठ —

काकू उठून बसल्या. नळ्या ताणल्या गेल्या. माझ्या हातावर त्यांचा हात आला. थंडगार.
म्हणाल्या, "दे इकडं. माहं मी हालवतो. तू जाय, त्याले उठव."
मी म्हटलं, तुमच्यात ताकद नाही.
"हाये तवरक हालवतो. जाय ना, पोरी."

दांडा दिला. हलतोय — पन्नास असेल — चाळीस —
वही इथंच टाकते, त्याच्याकडं पळते. त्या दाराकडं बोट दाख